तीन किक मिळून एक किक का होत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या ट्रॅकसाठी तीन चांगली किक सॅम्पल निवडली, म्हणजे बेस ड्रमच्या ठोक्याची तयार ध्वनिमुद्रणं. प्रत्येक एकटं वाजवलं की दणदणीत वाटतं. तिन्ही एकावर एक लावली की किक पोकळ होते, आणि बेस (खालच्या सुरांची साथ) सुरू झाला की जवळजवळ दिसेनाशी होते. शेवटी तुम्ही हेही विचारलंय की सॅम्पलचा नाद सोडून सिंथवर (आवाज घडवणाऱ्या वाद्यावर) शून्यापासून किक बनवायला शिकावं का.

शेवटचं आधी घेतो. सॅम्पल वापरण्यात कमीपणा काहीच नाही. रोलँडचं टीआर-९०९ हे ड्रम मशीन (ठोके वाजवणारं यंत्र) १९८३ साली आलं आणि थोड्याच काळात त्याचं उत्पादन थांबलं. हाउस आणि टेक्नोचा मोठा भाग त्याच्या किकवर उभा आहे. ते यंत्र प्रत्यक्षात फार थोड्यांकडे आहे, त्याचा आवाज मात्र सगळ्यांकडे आहे, तो सॅम्पलच्या रूपानेच. सिंथवर किक बनवायला जरूर शिका, कारण त्यातून किकच्या आत काय चालतं ते कळतं. पण तुमच्या आजच्या अडचणीचं उत्तर ते नाही. तीन सिंथच्या किक एकावर एक लावल्या तरी हेच होईल.

खरी अडचण अशी आहे की तुम्ही तीन पूर्ण किक एकत्र वाजवताय. प्रत्येकीला स्वतःचं डोकं आहे (सुरुवातीचा क्लिक), पोट आहे (ठोसा) आणि शेपूट आहे (विरत जाणारी टेल). तिघी एकाच जागेसाठी भांडतात.

जरा आत शिरू. इलेक्ट्रॉनिक किक म्हणजे मुळात वेगाने खाली घसरणारा एक सूर. सुरुवातीच्या पाच-दहा मिलिसेकंदांत टक्‌ असा क्लिक असतो, त्याची धार साधारण २ ते ५ हजार हर्ट्झच्या आसपास. मग सूर काही शे हर्ट्झवरून घसरत पन्नासच्या आसपास येतो. या घसरणीला बहुतेक वेळा ३० ते ६० मिलिसेकंद लागतात आणि छातीवर बसणारा ठोसा म्हणतात तो इथेच तयार होतो. त्यानंतर उरते ती टेल: ४५ ते ६० हर्ट्झची जवळजवळ शुद्ध साइन (सर्वांत साधी, गोलसर लहर), हळूहळू विरत जाणारी.

आता दोन किक एकत्र वाजवल्या की प्रत्येकीचा सूर आपापल्या वेगाने घसरतो. सुरुवात अगदी तंतोतंत जुळवली तरी दहा मिलिसेकंदांनी एक लहर वर जात असते आणि दुसरी खाली. आणखी दहाने ते नातं पुन्हा बदलतं. टेलमध्येही तेच. समजा एकीची टेल ५० हर्ट्झची आहे आणि दुसरीची ५५. फरक फक्त ५ हर्ट्झचा, पण त्याचा अर्थ असा की सुरुवातीला जुळलेल्या लहरी १०० मिलिसेकंदांत एकमेकींच्या बरोबर विरुद्ध येतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. तुम्हाला जे पोकळ वाटतंय ते हेच. म्हणूनच पोलॅरिटी उलटून (लहर वरची खाली करून) किंवा एक लेयर (एकावर एक लावलेल्यांपैकी एक सॅम्पल) थोडा पुढे-मागे सरकवून हे पूर्ण सुटत नाही. एका ठिकाणी जुळवलं की दुसरीकडे बिघडतं.

यावरून मी वर्षानुवर्षं एकच नियम पाळतो. साधारण १५० हर्ट्झच्या खाली एका वेळी एकच सॅम्पल वाजलं पाहिजे. तिथे दोन मालक चालत नाहीत. वरच्या पट्टीत हवे तेवढे लेयर लावा.

इथे हेही सांगायला हवं की पुढचं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. ट्रॅकचा वेग काय? १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ४६९ मिलिसेकंद मिळतात, १७४ ला फक्त ३४५. सगळ्यात खालची जागा किकची आहे की बेसची? बेस लांब आणि खोल असेल तर किक आखूड आणि थोडी वर बसलेली बरी. बेस वरच्या सप्तकात नाचत असेल तर किकची टेल मोकळी सोडता येते. हार्ड टेक्नोमध्ये किकच बेसचंही काम करते, तिथे हिशेब वेगळाच. तेव्हा मी देतो ते आकडे सुरुवातीची जागा म्हणून घ्या.

पहिलं काम निवडीचं, आणि माझ्या मते निम्मी किक इथेच होते. मुख्य सॅम्पल कधीही एकटं ऐकून निवडू नका. बेस आणि मुख्य सूर चालू ठेवा, लूप फिरत ठेवा आणि त्यावर एकेक सॅम्पल बदलत ऐका. ऐकण्याआधी सगळ्यांचा आवाज कानाने सारखा करून घ्या, नाहीतर दर वेळी जास्त मोठं सॅम्पलच जिंकतं. तुमच्या तीन किक एकट्या छान वाटल्या त्यामागे हेही कारण असणार. मी निवडताना फक्त पोट आणि टेल ऐकतो. क्लिक आवडला नाही तरी चालतं, तो नंतर बदलता येतो. खालचा भाग चुकीचा असेल तर तो ईक्यूने (वेगवेगळ्या पट्ट्यांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) दुरुस्त होत नाही, निदान माझ्या हातून कधी समाधानकारक झालेला नाही.

आणखी एक गोष्ट डोळ्यांनी पाहा. सॅम्पल मोठं करून त्याची लहर बघा. माथे सपाट कापलेले दिसले तर त्यावर आधीच जोरदार क्लिपिंग झालेलं आहे. विकत मिळणाऱ्या पॅकमधल्या कितीतरी किक अशा पूर्ण शिजवलेल्या असतात. त्या जशाच्या तशा वापरायला उत्तम, पण त्यावर पुन्हा कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन) आणि सॅच्युरेशन (मुद्दाम आणलेली विकृती) चढवलं की ठोसा वाढण्याऐवजी मऊ पडतो. घडवायचंच असेल तर जरा कच्चं सॅम्पल घ्या, ज्याचे माथे अजून गोल आहेत.

मग सूर. टेल आखूड असेल, म्हणजे एकूण किक दीडशे मिलिसेकंदांत संपत असेल, तर तिचा सूर कानाला धड कळतच नाही आणि मी त्यात वेळ घालवत नाही. टेल लांब असेल तर मात्र जुळवावाच लागतो. तो मोजताना एक फसगत होते. स्पेक्ट्रम अॅनालायझरवर (कोणती फ्रिक्वेन्सी किती आहे ते दाखवणाऱ्या आलेखावर) विसंबून राहू नका. ४४.१ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४४,१०० नमुने) त्याची खिडकी एका वेळी ४०९६ नमुन्यांची असेल तर त्याची एकेक पायरी जवळपास ११ हर्ट्झची असते, आणि ५० हर्ट्झच्या आसपास एक सेमीटोन (लगतच्या दोन सुरांमधलं अंतर) म्हणजे जेमतेम ३ हर्ट्झ. म्हणजे अॅनालायझर दोन सेमीटोनांनीही चुकीचं सांगू शकतो. त्यापेक्षा टेलमधल्या एका पूर्ण आवर्तनाची लांबी लहरीवर मोजा. २० मिलिसेकंद आली तर सूर ५० हर्ट्झ, १८.२ आली तर ५५, म्हणजे ए हा सूर. २०.४ आली तर ४९, म्हणजे जी.

सूर बदलायचा तर सॅम्पलचा वेग बदलूनच बदला. एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर किकच्या क्लिपवर वार्प बंद ठेवा. इतर प्रोग्राममध्येही टाइम-स्ट्रेच असेल तर तो बंद. लांबी तशीच ठेवून सूर बदलणारे अल्गोरिदम आवाजाचे तुकडे करून पुन्हा जोडतात आणि त्यात सुरुवातीची धार पहिली मरते. वेग बदलून सूर बदलला की किकचं सगळंच बदलतं हे लक्षात ठेवा. तीन सेमीटोन खाली आणलं तर ५५ ची टेल ४६ वर येते, पण सॅम्पल १९ टक्के लांब होतं आणि ३ हजारावरचा क्लिक अडीच हजारावर उतरतो. दोन-तीन सेमीटोनांपर्यंत हे खपून जातं. त्यापलीकडे दुसरं सॅम्पल शोधलेलं बरं. आणि किक रागाच्या षड्जासारखी गाण्याच्या मूळ सुरावरच असली पाहिजे असं मी मानत नाही. बेसशी भांडत नसेल तर पंचमावरची किकही छान बसते.

आता मुख्य मुद्दा, लेयर लावायचे कसे. बहुतेक जण फ्रिक्वेन्सीने वाटणी करतात: एका सॅम्पलचा खालचा भाग कापायचा, दुसऱ्याचा वरचा. त्याने काम होतं, पण मी त्याआधी वेळेने वाटणी करतो. एका सॅम्पलचं डोकं घ्यायचं, दुसऱ्याचं धड, आणि दोन्ही कधीच एकत्र वाजू द्यायची नाहीत. जे एकत्र वाजतच नाही त्यांच्यात फेजचं (लहरी केव्हा वर, केव्हा खाली जातात याचं) भांडण होणार कुठून?

हा सांधा मी असा करतो. दोन्ही किक वरखाली दोन ट्रॅकवर ठेवायच्या, सुरुवातीची शांतता पूर्ण कापून. कितीतरी सॅम्पलच्या सुरुवातीला दोन-चार मिलिसेकंदांची पोकळी असते आणि तिच्यामुळे किक उगाच आळशी वाटते. मग जिचं डोकं आवडलंय तिच्यात ३० ते ५० मिलिसेकंदांच्या दरम्यान अशी जागा शोधायची जिथे लहर शून्यरेषा ओलांडून वर जातेय. दुसरीतही तशीच जागा शोधायची, लहर शून्यावर आणि दिशा वरच. शिवाय त्या जागी दोन्हींच्या आवर्तनाची लांबी जवळपास सारखी हवी. पहिली तिथे ९० हर्ट्झवर असेल आणि दुसरी ५५ वर पोचलेली असेल, तर सुराने मध्येच उडी मारल्यासारखं ऐकू येईल. अशा वेळी दुसरीत जरा आधीची जागा घ्यायची, जिथे तीही ९० च्या आसपास आहे, आणि तो तुकडा सरकवून पहिलीच्या शेवटाला चिकटवायचा. दोन ते पाच मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्यायचा (एक मावळत असताना दुसरी उगवते). दोन्हींची पातळीही तिथे सारखी करून घ्यायची. सांधा जमला की तो ऐकून सांगता येत नाही. पहिल्यांदा याला अर्धा तास लागेल, सवय झाल्यावर पाच मिनिटं पुरतात.

कधी दुसऱ्या किकची टेलही मनासारखी नसते. तेव्हा ती जागा सिंथला द्या. सॅम्पलचं डोकं आणि ठोसा ठेवायचा, टेल कापायची, आणि तिथून पुढे साधी साइन लावायची, हव्या त्या सुरात, हव्या त्या लांबीची. तुमच्या सिंथ की सॅम्पल या प्रश्नाला माझं उत्तर बऱ्याचदा हे असतं. फक्त सिंथच्या ऑसिलेटरचा (लहर तयार करणाऱ्या भागाचा) रिट्रिगर (दर ठोक्याला नव्याने सुरुवात) चालू आहे ना ते बघा. नाहीतर साइन दर ठोक्याला वेगळ्याच जागेवरून सुरू होते आणि एक किक जड, पुढची हलकी असं होत राहतं. लोक याचं कारण कॉम्प्रेसरमध्ये शोधत बसतात.

वरचा क्लिक मात्र लेयर म्हणूनच लावतो. त्यासाठी किकच हवी असं नाही. बंद हाय-हॅट, रिमशॉट, टेबलावर आपटलेलं पेन, काहीही चालतं. त्याचे फक्त पहिले १० ते ३० मिलिसेकंद ठेवायचे, शेवटी छोटा फेड द्यायचा आणि ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं हाय-पासने काढून टाकायचं. मग तो सरकवून बघायचा. ४४.१ किलोहर्ट्झला एक मिलिसेकंद म्हणजे ४४ नमुने (यांनाही सॅम्पलच म्हणतात). ५० हर्ट्झच्या आवर्तनात एक मिलिसेकंद म्हणजे केवळ १८ अंश, पण ५०० हर्ट्झला तेच अर्धं आवर्तन, म्हणजे पूर्ण उलट. त्यामुळे दहा-वीस नमुन्यांच्या सरकण्यानेही ठोशाचा वरचा भाग उजळतो किंवा मरतो. पोलॅरिटी एकदा उलटून ऐका आणि जे भरीव वाटेल ते ठेवा. इथे डोळ्यांपेक्षा कानावर भरवसा.

हाय-पासबद्दल एक इशारा. सवयीने मुख्य किकवर ३० हर्ट्झचा तीव्र उताराचा हाय-पास लावू नका. नेहमीचा ईक्यू कापायच्या जागेच्या आजूबाजूलाही फेज फिरवतो आणि ५० हर्ट्झ तिथून फार लांब नाही. लहरीचा आकार बदलतो, माथा उंचावतो, आवाज मात्र वाढत नाही. लिनियर-फेज ईक्यू फेज फिरवत नाही, पण तो ठोक्याच्या आधीच एक हलकी कुजबुज निर्माण करतो आणि किकला ती सोसत नाही. सॅम्पलमध्ये खरोखर खालचा कचरा असेल तर हलका उतार पुरतो. नसेल तर हातच लावू नका.

म्हणजे आत्तापर्यंत आपल्याकडे खाली एकच मालक आहे, डोकं आणि धड सांधलेलं आहे, वर एक आखूड क्लिक आहे. आता हे सगळं एका ऑडिओ फाइलमध्ये उतरवून घ्या. मी मूळ तुकडे बाजूला जपून ठेवतो, पण पुढचं काम त्या एका फाइलवरच करतो. तीन ट्रॅक उघडे राहिले की हात सतत त्यांच्याकडे जातो आणि किक कधी ठरतच नाही. एका ट्रॅकवर मी सात लेयरपर्यंत पोचलो होतो. एकेक बंद करत गेलो, तर पाच बंद केल्यावर किक सर्वांत भक्कम झाली. तेव्हापासून दर नवा लेयर लावला की आधीचा एक बंद करून ऐकतो.

उतरवलेल्या फाइलवर फार काही करावं लागत नाही. टेलची लांबी व्हॉल्यूम एन्व्हलपने (वेळेनुसार आवाज कमी-जास्त करणाऱ्या रेषेने) ठरवायची, पुढच्या ठोक्याच्या आधी थोडी तरी शांतता राहील अशी. मग हलकं सॅच्युरेशन. ५० हर्ट्झचा सूर फोनच्या स्पीकरमधून येतच नाही, पण सॅच्युरेशनने त्याचे १००, १५०, २०० हे वरचे पट उमटतात आणि त्यांवरून कान खालचा सूर ओळखतो. शेवटी क्लिपरने दोन-तीन डेसिबल माथा कापायचा. कॉम्प्रेसर मी किकवर क्वचितच लावतो, एन्व्हलपने तेच काम जास्त नेमकं होतं.

एवढं करूनही किक कमकुवत वाटली तर खोलीवर संशय घ्या. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, म्हणजे ५० हर्ट्झची लहर जवळजवळ ७ मीटर लांब. ज्या खोलीची लांबी ३.४ मीटर आहे तिथे ५० हर्ट्झ बरोबर अर्ध्या लहरीत बसतो आणि खोलीच्या ऐन मध्यावर तो ऐकूच येत नाही, भिंतीपाशी मात्र गडगडतो. मधोमध बसून काम करणारा माणूस सब (सगळ्यात खालचा आवाज) वाढवत राहतो आणि बाहेर तीच किक सगळं झाकून टाकते. किक वाजत ठेवून खोलीत चालत फिरा, फरक लगेच कळेल. मग चांगल्या हेडफोनवर पडताळा. आणि हळू आवाजात खालचे सूर कानाला कमीच ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलेली गोष्ट. त्यामुळे सबचा निर्णय अगदी हळू आवाजात घेऊ नका. क्लिक आणि ठोशाचा मात्र जरूर घ्या, कारण हळू आवाजातही किक कळत असेल तर तो भाग बरोबर जमलाय.

सॅम्पल कुठून घेता हेही बघा. पॅकचा परवाना वाचा. बहुतेक परवाने संगीतात वापरायला मोकळीक देतात, पण तेच सॅम्पल सुटं करून वाटायला किंवा विकायला देत नाहीत. दुसऱ्याच्या प्रकाशित ट्रॅकमधून कापलेली किक कितीही आखूड असली तरी ते ध्वनिमुद्रण त्यांचं असतं. नियम देशागणिक वेगळे आहेत, म्हणून प्रकाशित करायच्या कामात मी तशी किक वापरत नाही.

आता तुमच्या प्रोजेक्टपुरतं. तिन्ही किकपैकी बेससोबत जिची टेल सर्वांत स्वच्छ वाटते ती ठेवा. दुसरीचे फक्त पहिले दहा मिलिसेकंद ठेवून, हाय-पास लावून वर बसवा. तिसरी बंद करा. एवढ्याने पोकळपणा गेला पाहिजे. तरीही बेस आल्यावर किक दबली, तर मग प्रश्न किकचा राहिलेला नाही. बेसचा सूर ठोक्यावरच सुरू होतोय का ते बघा. होत असेल तर तो थोडा मागे सरकवा, किंवा साइडचेनने (किक वाजली की बेस आपोआप दाबणाऱ्या जोडणीने) किकच्या पहिल्या शंभर-दीडशे मिलिसेकंदांपुरता बेस खाली घ्या. हे करून पाहिल्यावर बेसचा सर्वांत खालचा सूर कोणता आणि किकची टेल किती मिलिसेकंदांची, हे दोन आकडे कळवा. ते मिळाले की साइडचेनची वेळ नेमकी किती ठेवायची ते सांगतो.